दुखणं कुणाच्या घरचं

वाइलोतो, सावाई
११ ऑक्टोबर १९७८

चि. लांगीस ताईचे अ. उ. आ.

तुझं पार्सल बोटीनं सुखरूप पोचलं. लोसाचा पांढरा फ्रॉक अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला. बुटांत मात्र पुढे कापूस कोंबावा लागला. माझ्या फियालाही तसाच फ्रॉक पाठवलास, ती तो अंगावेगळा करायला तयार नव्हती. सोलोचा शर्ट खांद्यात आखूड झाला. तेरा वर्षांचा घोडा झालाय तो, तुझ्या डोळ्यांसमोर अजून तुला विमानतळावर सोडायला आलेला पोरगाच असणार.

इथवर गोड झालं. पुढचं बसून वाच.

पांढऱ्या रविवारी तुझ्या लेकीनं भर चर्चमध्ये आपल्या घराची शोभा केली. वर्षातून एक दिवस पोरांचा, सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत समोर बसलेला. लोसाचं पाठांतर चोख म्हणून पाळकबाबांनी तिला मुद्दाम शेवटी उभं केलं होतं. पहिल्या ओळी नीट म्हणाली. मग एकाएकी तोंड वाकडं केलं, खांदा उडवला आणि पाळकबाबांकडे बघून जीभ बाहेर काढली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पोरं फिदीफिदी हसायला लागली. पाळकबाबा छताकडे बघत राहिले, आणि मला वाटलं, जमीन फाटली तर बरं. तेवढ्यावर भागलं नाही. दुपारच्या जेवणात हिनं गरम कोकोचा पेला पाळकीणबाईंच्या मांडीवर ओतला. का गं असं केलंस, विचारलं तर आधी हसली, मग हमसून हमसून रडली. मी दंडाला चिमटा काढला. लपवत नाही, काढला.

हे एका दिवसाचं नाही. महिनाभर हेच चाललंय. चिनी मातीच्या ताटल्या फोडून झाल्या, आता तिला करवंटीत वाढतो. बसल्या जागी चुळबुळ, हाताची वळवळ, चालताना पाय भलतीकडे. बाई म्हणतात, अक्षर कोंबडीच्या पायांचं झालंय. आणि झोपली की सगळं शांत! एक बोट हलत नाही. म्हणजे जागेपणी मुद्दाम करते, दुसरं काय? मला दाट संशय आहे की तू तिला परस्पर काहीतरी कळवतेस, ऑकलंडला बोलावून घेते म्हणून. ज्या पोरीचं मन विमानात बसलंय तिचे हात घरात कसे चालतील?

बाकी ठीक. जुलैत सगळ्या पोरांचे घसे धरले होते, ताप येऊन गेला, पाल्याच्या रसानं उतरला. सोलोचे गुडघे तेव्हापासून कुरकुरतात, मग घोटे. आता तर नारळांची कावड आणताना वाटेत बसतो. रग्बीही सोडली. आळस अंगात मुरलाय, दुसरं काही नाही. तुझे भावजी बरे आहेत, मासळी बेताची.

माया आहे म्हणून इतकं लिहिलं, हे ध्यानात ठेव.

तुझी ताई,
एसेता

*

ऑकलंड
२६ ऑक्टोबर १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चर्चमधला प्रकार वाचून मान खाली गेली. पाळकीणबाईंना माझ्या वतीनं दिलगिरी सांग. त्यांना भाजलं नाही ना, ते तू लिहिलं नाहीस.

मी लोसाला परस्पर काही कळवत नाही. तिला इकडे आणायची माझी ऐपत नाही आणि कागदही नाहीत. माझेच अजून पक्के नाहीत. इथे पोलीस आपल्या माणसांची दारं वाजवून कागद मागतात. मी एकदा बाहेर पडले तर परत येऊ देणार नाहीत. नाहीतर पुढच्याच विमानानं आले असते. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तिला तुझ्या ओटीत घातली ती तुझ्यावर विसंबूनच.

तुझ्या पाकिटात लोसाची फ्रॉकबद्दल आभाराची चिठ्ठी होती. ताई, ते अक्षर माझ्या लोसाचं नाही. ती छापल्यासारखं लिहायची. यात अक्षरं ओळीवरून घसरलीत, एका जागी पेन्सिलीनं कागद फाटलाय. तिच्या हाताला काही लागलंय का? कुणी मारलंय का? शाळेत, म्हणते मी. तू चिमटा काढलास ते लिहिलंस, बरं केलंस. न लिहिलेलं काय असेल असा विचार मनात आला, मग मनालाच दटावलं.

सोलोला उगाच आळशी म्हणू नकोस, वाढीचं वय आहे. फियाला पापा.

पूर्वीइतकाच लोभ आहे असं धरून चालते.

तुझी,
लांगी

*

ऑकलंड
२६ ऑक्टोबर १९७८

ती. पेनीदादास सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल.

तू आपियात बंदरावर काम करतोस, बोटीवरची सगळी माणसं तुझ्या ओळखीची. एका शनिवारी सावाई बेटावर ताईकडे जा. सहज आलो म्हण, पालुसामी खावीशी वाटली म्हण, तेवढं तुझ्या तोंडी शोभेल. आणि लोसाला नीट बघ. तिच्या हातांकडे बघ. बाही वर करून बघ. ताई म्हणते ती मुद्दाम सगळं सांडते, तोंडं वेंगाडते. जी पोरगी कुणाच्या वाटेला जात नव्हती ती एकाएकी अशी का होईल? घाबरलेलं मूलच असं वागतं. ताई हाताला कडक, तुलाही ठाऊक आहे. आपल्या लहानपणी तिच्या हातचा नारळाचा खराटा आपण दोघांनी खाल्लाय.

मी ताईवर आरोप करत नाही. मला फक्त खरं कळायला हवं. बिस्किटाच्या कारखान्यात दिवसभर पट्ट्यापुढे उभी असते आणि डोळ्यांसमोर तिची ती फाटलेली चिठ्ठी. ताईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्यावर भिस्त आहे, ती टिकव.

लांगी

*

आपिया
१३ नोव्हेंबर १९७८

चि. लांगीस पेनीदादाचे अ. आ.

जाऊन आलो. पालुसामी खाल्ली, दुसऱ्यांदाही घेतली, म्हणजे गुप्तहेराचं काम चोख झालं. पण पुढे लिहायला हात धजत नाही.

लोसाच्या दंडांवर डाग आहेत. निळे, काही पिवळे पडलेले. नडगीवरही. पायांवर गळवं आणि खपल्या आहेत, पण त्या घरातल्या सगळ्याच पोरांच्या पायांवर आहेत, त्यात नवल नाही. मी गेलो तेव्हा उमूच्या चुलीतल्या तापलेल्या दगडांपासून थोडं दूर, खांबाशी ती बसली होती आणि तिचे दोन्ही हात कमरेला गुंडाळायच्या लावालावानं एकत्र बांधलेले होते. मला बघून हसली. हसता हसता तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ताईनं लगबगीनं गाठ सोडली आणि भाजेल म्हणून बांधलं, असं म्हणाली.

दुसरं. घरात वेनी म्हातारी येते, तीच ती झाडपाल्याचं करणारी. तेल चोळते, पाला बांधते, पुटपुटते. तिचं म्हणणं, लोसा संध्याकाळच्या वेळी केस मोकळे सोडून झऱ्यावर गेली आणि तिथल्या बाईनं तिला धरलं. मी हसलो तर ताईनं असं बघितलं की उचललेला घास मी परत ताटात ठेवला. मला विचारशील तर मला त्या झऱ्यावरच्या बाईपेक्षा घरातल्या बाईची जास्त शंका येते. पण तेही छातीवर हात ठेवून सांगवत नाही, कारण जेवताना ताई स्वतः लोसाला भरवत होती, तालोचा कंद बारीक कुस्करून, आणि फियानं हट्ट केला तर तिला म्हणाली, तुझे हात धड आहेत, तू खा. मारणारं माणूस असं भरवतं का? भरवतही असेल. मला बायका कळत नाहीत, म्हणून तर लग्न झालं नाही.

सोलो अंगणात नुसता बसून होता. बोलावलं तर आला, पण धापा टाकत. एवढा मोठा पोरगा आणि म्हाताऱ्यासारखा श्वास. ताई त्याच्यावर खेकसली.

काय करायचं ते तू ठरव. मी पुन्हा जाईन, पालुसामीशिवायही जाईन.

तुझा दादा,
पेनी

*

वाइलोतो, सावाई
२७ नोव्हेंबर १९७८

लांगी,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून लिहीत नाही.

पेनीला हेर म्हणून पाठवायचं होतं तर निदान ज्याला हेरगिरी येते असा माणूस निवडायचास. लोसाची बाही वर करून तो देवमासा बघितल्यासारखा बघत बसला. वर फियाला बाजूला घेऊन विचारतो, आई लोसाला मारते का. फिया माझ्याच पोटची, तिनं सगळं मला येऊन सांगितलं. काल पेनीला निरोप पाठवून आपियाहून बोलावलं आणि समोर बसवलं, तेव्हा त्यानं तुझं नाव घेतलं.

डाग का पडतात, ऐक. ती चालते आणि खांबावर आदळते. हात उडतो आणि पाट्यावर आपटतो. गेल्या महिन्यात ती उमूच्या दगडांवर पालथी पडता पडता वाचली, मी केसांना धरून मागे ओढली. त्या दिवसापासून उमू पेटला की हात बांधते, माझ्या सगळ्यांत मऊ लावालावानं. तू येऊन सोड ते हात, आणि बस तिच्यापाशी दिवसभर. मी चटया विणायचं सोडलं, पोरीला भरवते, धुते, पुसते. आणि ऑकलंडात बसून तू माझ्या घराची बाही वर करून बघतेस!

मला काही दिवस वाटत होतं की ती मुद्दाम करते. आता वाटत नाही. मुद्दाम कुणी स्वतःची जीभ चावत नाही. वेनी म्हणते, झऱ्यावरची बाई उगाच कुणाच्या घरात शिरत नाही, ज्या घरात रक्ताच्या माणसांनी एकमेकांविरुद्ध मनात धरून ठेवलंय तिथेच तिला दार उघडं मिळतं. या घरात कुणाचं मन साफ नाही, असं तिनं सगळ्यांना गोल बसवून विचारलं. तुझ्या भावजींनी सांगितलं, मी सांगितलं, सोलोनंही काहीबाही सांगितलं. पोरीला उतार नाही. आता मला कळलं का नाही ते. मन साफ नसलेलं माणूस सावाईत नव्हतंच.

आता एक कर. मी तुझ्या लेकीला घेऊन आपियाच्या मोठ्या इस्पितळात जाते. डॉक्टरांकडून शिक्क्यासकट लिहून घेते की हे डाग मारल्याचे नाहीत. तो कागद तुला पाठवते, आणि मग तुझी लेक तू घेऊन जा.

लोभाचं नंतर बघू.

एसेता

*

आपिया
८ डिसेंबर १९७८

चि. लांगीस पेनीदादाचे अ. आ.

हे पत्र पूर्ण वाच, मध्येच रडायला बसू नकोस.

ताई आली. मी बंदरावर गोण्या मोजत होतो, तर बोटीतून ताई उतरते आहे, दहा वर्षांची लोसा तिच्या कडेवर, मागे सोलो टोपली घेऊन. माझ्याकडे बघितलंही नाही. इस्पितळ कुठल्या बाजूला, एवढंच विचारलं, जसं काही मी पोलीस आहे.

डॉक्टरीणबाई आपल्याच, तरुण आहेत. ताईनं बसायच्या आधीच सांगितलं की ही माझ्या बहिणीची मुलगी, मी हिला मारत नाही, तेवढं लिहून द्या. बाईंनी डाग बघितले आणि मग डाग सोडून हातांकडेच बघत राहिल्या. लोसाला हात पुढे धरायला सांगितलं, मनगटं वाकडी व्हायला लागली. जीभ बाहेर काढून ठेव म्हणाल्या, जीभ साप बिळात जावा तशी आत. त्यांची दोन बोटं घट्ट धरायला सांगितली तर लोसाची मूठ आवळते, सुटते, आवळते, गाय दोहल्यासारखी. झोपेत थांबतं का, त्यांनी आपणहून विचारलं. ताई दचकली. मग विचारलं, दोनचार महिन्यांत घसा दुखला होता का, ताप आला होता का. ताई म्हणाली, घसा तर सगळ्यांचाच दुखतो, त्याचा हातांशी काय संबंध? मला वाटलं, आता ही बाईंनाही खराटा दाखवते.

संबंध आहे, लांगी. मी समजलो तसं लिहितो. घशात एक जंतू येतो, गोल, मण्यासारखा. असे मणी एकमेकांना चिकटून माळ होते. त्याचं नाव स्ट्रेप्टोकोकस, मी हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं. घसा चार दिवसांत बरा होतो आणि आपण विसरतो. पण अंगातलं रक्त त्याच्याशी लढताना कुणाकुणाच्या बाबतीत ओळखायला चुकतं. जंतू समजून आपल्याच सांध्यांवर, हृदयावर, मेंदूच्या त्या भागावर हात टाकतं जिथून हातपाय ताब्यात राहतात. लोसाचं ते झालंय. ती वेंगाडत नव्हती. तिला थांबवताच येत नव्हतं. बाई म्हणतात, हे हळूहळू जाईल, बहुतेक पूर्ण जाईल. हृदयात किंचित फुरफुर आहे, ती वाढू नये म्हणून दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन, कित्येक वर्षं.

ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, हा जंतू पोरीला दिला कुणी? बाई म्हणाल्या, कुणीही. एका चटईवर झोपणारी पोरं, खोकणारं माणूस. ज्यानं दिला त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. ताईला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. तिला नाव हवं होतं.

आता खरं अवघड. बाई आम्हांला सोडायला ओसरीत आल्या. सोलो पायरीवर बसला होता, टोपली शेजारी. बंदरापासून चालत आला होता आणि अजून धापा टाकत होता. बाई त्याच्या गळ्याकडे बघत थांबल्या. तिथली शीर अशी उडत होती की लांबून दिसावी. त्यांनी तिथेच, पायरीवरच, त्याच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. खूप वेळ ऐकलं. मग घोट्यावर बोट दाबलं, तिथे खळगा पडला तो भरेना.

त्याचं हृदय जास्त बिघडलंय, लांगी. एक झडप नीट मिटतच नाही. ते गुडघे, ते घोटे, तोच आजार होता. त्याला ठेवून घेतलाय. ताई खाटेशेजारी जमिनीवर बसून आहे.

मग फियालाही बोटीनं आणवलं, तिचा घसा पुसून घेतला. दोन दिवसांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. जांभळ्या रंगात बुडवलेले मणी, खरोखर माळेत ओवल्यासारखे, दिसायला इतके देखणे की राग यावा. शेजारच्या काचेवर पोरांच्या पायांवरच्या गळवांतले होते, तेही जांभळे गोल, पण द्राक्षांसारखे घोसाने. ते वेगळे, स्टॅफिलोकोकस, त्यांनी गळवं होतात. फियाला गोळ्या चालू केल्या, तिचं हृदय स्वच्छ आहे.

ताईनं तो शिक्क्याचा कागद मागितला नाही. मी विचारलं, घेऊ का लिहून? तिनं नाही म्हणून मान हलवली.

तुझा दादा,
पेनी

*

ऑकलंड
१९ डिसेंबर १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

दादाचं पत्र कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून वाचलं. पट्ट्यापुढे गेले तर हात चालेनात, मुकादमीण ओरडली.

ताई, मी तुझ्यावर संशय घेतला. तो पेनीदादाच्या मागे लपून घेतला, हे जास्त वाईट. तू तिला भरवत होतीस आणि मी तुझ्या हातांचा हिशेब मागत होते. यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही, आणि सुचलं तरी तुला खोटं वाटेल.

एक शंका जात नाही. इथेही पोरांचे घसे धरतात, आमच्या चाळीत तर एकाच्या खोकल्यावर दुसरा खोकतो. माझ्या पार्सलातल्या कपड्यांतून तर हे तुझ्या घरात आलं नाही ना? डॉक्टरीणबाईंना विचार. माझी भीड धरू नकोस, जे असेल ते लिही.

सोलो कसा आहे? त्याला ऑकलंडला पाठवण्याचं काही चाललंय असं दादा म्हणतो. चाललं असेल तर तो माझ्याकडेच उतरेल, दुसरीकडे नाही.

लोसाला सांग, तिची आई तिच्यावर रागावलेली नाही.

तुझीच,
लांगी

*

वाइलोतो, सावाई
१२ फेब्रुवारी १९७९

चि. लांगीस ताईचे अ. उ. आ.

कपड्यांचं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पार्सल बोटीनं यायला जितके आठवडे लागतात तितक्यात जंतू वाळून मेले असते, आणि पोरांचे घसे तर पार्सलाच्या आधीच धरले होते. तेव्हा तुझ्या फ्रॉकनं काही केलं नाही. मी त्यांना वेनीवरही संशय सांगितला, पाळकीणबाईंच्या खोकणाऱ्या नातवावरही. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, तुम्हांला संशयच घ्यायचा असेल तर दुखऱ्या घशावर घ्या, माणसांवर नको. तेव्हापासून मी तेच करते. रविवारच्या शाळेत पोरं आली की आधी चमच्यानं जीभ दाबून घसा बघते, लाल दिसला की आईसकट दवाखान्यात. पोरं मला बघून पळतात. पळू देत, मी दारातच उभी असते.

लोसाचे हात बरेचसे स्थिर झालेत. परवा कोको स्वतः प्याली, दोन थेंब सांडले. इंजेक्शनला मात्र झाडावर चढून बसते. मीही आधी नर्सवर नजर ठेवून होते, बाटलीत पाणी तर घालत नाही ना म्हणून. मग एकदा नर्सनं बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्हीच हलवा. आता दर महिन्याला मीच हलवते. वेनीही येते; तिच्या तेलानं लोसाला बरं वाटतं, आणि डॉक्टरीणबाईंची हरकत नाही.

सोलोचं ठरलं. पुढच्या महिन्यात येतोय. त्याला मी काय काय म्हणत होते ते तुला लिहिलेलं तू वाचलंच आहेस. त्यावर आणखी लिहीत नाही.

त्याची छाती उघडणार म्हणे. पेनी म्हणतो, बिघडलेली झडप काढून तिथे धातूची बसवतात, पिंजरा आणि त्यात गोळी. पेनी काहीही सांगतो. जिवंत काळजात लोखंड कसं राहील? गंजणार नाही? तिथले डॉक्टर पोरावर काही नवं करून तर बघत नाहीत ना? तू समोर बसून नीट विचार, इंग्रजी तुझं बरं आहे. आणि उघडलेली छाती परत नीट शिवतात का, ते स्वतः बघ.

तो दुखलं तरी सांगत नाही. विचारून कळणार नाही, तोंडाकडे बघावं लागतं. खालचा ओठ आत घेतला की समज. सकाळी कोको गोड लागतो, मासा काटे काढून द्यायला लागतो, तेरा वर्षांचा झाला तरी. चटई देते आहे त्याच्याबरोबर, खाटेवर त्याला झोप येत नाही.

माझं पोर तुझ्या स्वाधीन करते आहे. मी मागे कुणालाही पाठवणार नाही.

माया आटली नव्हती, फक्त तोंडाला कुलूप होतं.

तुझी ताई,
एसेता

*

ऑकलंड
९ मे १९७९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. तारेत तीन शब्दांपलीकडे लिहिता येत नाही, म्हणून आता सगळं.

माझे कागद मार्चमध्ये पक्के झाले. त्यामुळे इस्पितळात सोलोबरोबर उजळ माथ्यानं बसता आलं. शस्त्रक्रियेच्या सकाळी तो एकदाही बोलला नाही, पण खालचा ओठ आत होता. मी विचारलं नाही. त्याचा हात धरून चालत राहिले, जिथवर चालू दिलं तिथवर. मग काचेच्या दारांपलीकडे नेलं.

मी बाकावर बसले. चर्चमधल्या दोघी आल्या होत्या, त्यांनी गाणी म्हटली, पालुसामी आणली, मला खायला घातली. संध्याकाळ झाली तरी कुणी बाहेर येईना. मला मनात सगळे चोर वाटायला लागले, डॉक्टर, नर्स, झाडणारा माणूससुद्धा. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते की हा काही लपवतोय का. मग डॉक्टर आले, टोपी काढली आणि म्हणाले की हृदय आपलं आपण चालायला लागलंय.

बारा दिवस झाले. नाकातोंडातल्या नळ्या गेल्या. छाती मी स्वतः बघितली, टाके सरळ आहेत, तुझ्या चटईच्या विणीइतके. काल त्यानं मासा मागितला. काटे काढून दिले. परवा तर जिना चढला, अर्ध्यावर थांबला, मला वाटलं धाप लागली, तर म्हणतो, मावशी, तू मागे पडलीस. घोट्यांची सूज उतरली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि ते इंजेक्शन जन्मभर लागणार आहे. लोसाला सांग, भावाचं इंजेक्शन तिच्याहून मोठं आहे, तेव्हा तिनं झाडावर चढायचं बंद करावं.

आता झडपेचं. दादा खरं बोलला. धातूचा पिंजरा आणि त्यात गोळी. मी डॉक्टरांसमोर बसून विचारलं, गंजत नाही का, तर ते हसले नाहीत. त्यांनी तशीच एक झडप माझ्या तळहातावर ठेवली. बोराएवढी आहे. गोळी वर गेली की रक्त पुढे जातं, खाली आली की मागे येत नाही. पण ताई, मी तुला ओळखते. मी कितीही लिहिलं, दादानं शपथ घेतली, तरी तुझा विश्वास बसणार नाही.

म्हणून असं कर. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सालेलोलोंगाच्या पोस्टात जाऊन बस. तुमचा शनिवार म्हणजे आमचा रविवार, मला सुट्टी आहे. मी तिथे फोन लावते. भावजी, लोसा, फिया, कुणालाही आण, पण फोन तू घे. आणि उचललास की बोलू नकोस. रडूही नकोस. पोस्टमास्तरला गप्प बसव, बाहेर कोंबड्या असतील तर हाकल.

खोली शांत असली की सोलोजवळ बसणाऱ्याला ते ऐकू येतं. टिक, टिक, घड्याळासारखं, पण घड्याळाहून घाईचं. त्याला लाज वाटते, उशी धरून बसतो. मी त्याला सांगितलंय की त्या रविवारी उशी बाजूला ठेवायची. मी फोन त्याच्या छातीला लावणार आहे.

तुझी,
लांगी